पाठीची माती

“मग माझ्या हाताला झालंय तरी काय, वस्ताद?”

वस्तादांच्या चिमटीत वर्तमानपत्राची एक फाटकी पट्टी होती. तिचा उरलेला तुकडा रणधीरच्या तळव्याखाली, रबरी माणसाच्या छातीवर अडकून राहिला होता.

“तिसऱ्यांदा फाटली,” ते म्हणाले. “उचल तो तुकडा.”

रणधीरने उचलला.

दुपारची वेळ होती. शिरटेकडीच्या तालमीत त्या दोघांखेरीज कुणी नव्हते. सकाळचा सराव आटोपून सारे मल्ल जेवायला पांगले होते. ताक, तेल आणि कापूर जिरवून मऊ केलेली तांबडी माती हौद्यात सपाट पसरली होती. तिच्या मधोमध, जिथे एरवी दोन माणसे एकमेकांना भिडतात तिथे, एका लाकडी फळीवर कमरेपर्यंतचा एक रबरी माणूस उताणा पडला होता. त्याला हात नव्हते, पाय नव्हते. त्याच्याकडून कुणाला हरण्याची भीती नव्हती.

उद्या गावची जत्रा. मैदानातली शेवटची, निकाली कुस्ती रणधीर पाटोळेची होती. तेवीस वर्षांचा रणधीर. दोन्ही कान फुटून मुडपलेले, मान खांद्यांत उतरलेली. तालमीत त्याच्या तोडीचा दुसरा गडी नव्हता, आणि ही गोष्ट इतरांच्या आधी त्याला स्वतःलाच ठाऊक होती.

पण या वर्षी वस्तादांनी एक नियम घातला होता. काळीज बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला या जगात धरून ठेवण्याची रीत ज्याला येणार नाही, त्याने या तालमीच्या नावाने मैदानात उतरायचे नाही. अकरा जण त्या कसोटीतून पार पडले होते. बारावा अडला होता, आणि तो रणधीर होता.

“दाब किती गेला माझा?” त्याने विचारले.

“दोन इंच.”

“दरवेळी?”

“दरवेळी. आतनं टक् झालेलं मी ऐकलं.”

“गती?”

“मिनिटाला शंभराच्या वर, एकशे वीसच्या आत. चोख.”

“तीस दाब, मग दोन श्वास. मोजणी चुकली?”

“न्हाई.”

“कोपरात वाकलो?”

“न्हाई.”

“मग?”

“पट्टी फाटली.”

रणधीरच्या कपाळावरची शीर तटतटली.

कसोटी दिसायला साधी होती. छाती दाबणाऱ्याने आपला हात तिच्यावरून उचलायचा नाही, कारण उचलला की जागा चुकते. मात्र एक दाब संपून दुसरा सुरू होईपर्यंत जो अर्धा क्षण मिळतो, त्यात त्या हाताने रतीभरही भार ठेवायचा नाही. वस्ताद तळव्याखाली कागदाची लांब पट्टी सरकवत आणि प्रत्येक दाबानंतर ती बोटभर ओढून घेत. हात हलका झाला असेल तर पट्टी सरके आणि तिसाव्या दाबाला अखंड बाहेर येई. हात रेलून राहिला असेल तर ती फाटे. रणधीरची पट्टी कधी चौथ्या दाबाला फाटे, कधी सातव्या.

“कागद बदला, वस्ताद. हा पेपरच कच्च्या कागदाचा.”

“परवा याच पेपरात तुझा फोटो आला, तवा कच्चा न्हवता तो. चार घरी नेऊन दाखवलास.”

रणधीरच्या मनात जे सलत होते ते बाहेर आले.

“बाजीबाची पट्टी फाटली न्हाई! त्या बाजीबाला मी एका हातानं लोळवतो. त्याची अखंड निघाली.”

“निघाली.”

“म्हणजे तो माझ्याहून भारी?”

“भारी कोण, हे तुला इचारलं कुणी?”

वस्तादांनी फाटके तुकडे गोळा करून कोनाड्यात ठेवले. तिथे आधीचेही तुकडे होते. त्यांनी एकही फेकला नव्हता.

या साऱ्याचे मूळ मागच्या श्रावणात होते.

तालमीमागून कालवा जातो. त्या दिवशी चार वर्षांची एक पोर त्यात पडली. मल्लांनीच उड्या टाकून तिला बाहेर काढले. पण पुढे काय करायचे ते एकालाही माहीत नव्हते. पोर निळी पडली होती. रणधीरने तिचे दोन्ही पाय धरले, तिला उलटी टांगली आणि पोटातले पाणी निघावे म्हणून गरगर फिरवू लागला. त्याच्या हेतूत खोट नव्हती. ज्याच्या गाठीला बळ असते तो अडचणीच्या वेळी आधी बळच काढून देतो.

तेवढ्यात आरोग्य उपकेंद्रातल्या अनसूया सिस्टर स्कूटर आडवी टाकून धावत आल्या. चणीने एवढ्याशा. रणधीरच्या खांद्यालाही लागणार नाहीत.

“खाली ठेव तिला! ती काय कपडा आहे पिळायला? आणि तुम्ही, बघत काय उभे राहिलात? एकशे आठला फोन लावा!”

त्यांनी पोरीला काठावरच्या फरशीवर उताणी निजवली. कपाळावर हात ठेवून हनुवटी अलगद वर केली. नाक चिमटून आधी श्वास दिले, छाती उचलेल एवढेच. पोर हलली नाही. मग एका तळव्याने त्यांनी ती इवलीशी छाती दाबायला घेतली, तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी खाली, आणि पुन्हा वर. खाली, आणि वर. त्या मोठ्याने मोजत होत्या. तीस झाले की दोन श्वास. चौथ्या फेरीत पोर ओकली. मग रडली.

सिस्टरांनी तिला कुशीवर वळवले, तोंड पुसले, आणि मग मान वर करून सभोवती उघड्या अंगांनी उभ्या असलेल्या मल्लांवरून एकवार नजर फिरवली.

“एवढ्या सगळ्या छात्या,” त्या म्हणाल्या, “आणि एकालाही एक छाती दाबता येत नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहत्तर वर्षांचे वस्ताद आण्णाप्पा मगदूम धुतलेला सदरा घालून उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन बसले. वीस दिवस ते त्या बाईंकडे शिकले. चुकले की त्या चारचौघांत त्यांना बोलत, आणि ते मान खाली घालून “व्हय बाई” म्हणत. ती मान कुणापुढे वाकलेली गावाने पाहिली नव्हती.

पाठीची ख्याती तर मानेहून मोठी. ‘मगदुमाच्या पाठीला माती लागली नाही’ हे वाक्य पाच तालुक्यांत म्हणीसारखे बोलले जाई. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी चीत केले नव्हते. इतकेच नव्हे, हौद्यात ते कधी पाठीवर आडवेही होत नसत, मालिशीसाठीसुद्धा नाही. मल्लांना त्याचा केवढा अभिमान होता! आणि एवढ्या कुस्त्या मारलेल्या त्या माणसाच्या डोक्याला फेटा मात्र त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिला नव्हता. असे का, हे विचारण्याची हिंमत कुणी केली नव्हती.

“आता बाळ घे,” वस्ताद म्हणाले.

मोठ्या बाहुल्याच्या शेजारी टॉवेलवर एक रबरी तान्हे ठेवलेले होते. रणधीरने कपाळाला आठी घातली.

“बाळाचं येतंय मला, वस्ताद. ते तर पहिल्याच दिवशी जमलं.”

“म्हणूनच म्हणतो. घे.”

रणधीरने तान्हे फळीवर निजवले. त्याचे डोके सरळ केले, मागे वाकवले नाही. छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली दोन बोटे टेकवली. नारळ नुसत्या बोटांनी सोलणारा तो गडी. पण आता ती बोटे अशी उतरत आणि उठत होती, जणू दुधावरची साय बाजूला करीत आहेत. तीस झाले. त्याने बाळाचे तोंड आणि नाक एकदमच आपल्या ओठांत घेतले आणि गालात मावेल तेवढीच फुंकर घातली. छाती तिळभर उचलली. पुन्हा एक.

वस्तादांनी बोटांखालची अरुंद पट्टी बाहेर काढली. ती अखंड होती.

“इथं का जमलं?”

“बाळ हाय, वस्ताद.”

“म्हणजे?”

“म्हणजे... एवढंसं हाय. भार राहिला तर त्यानं कुठं जायचं?”

“आन् हा?” वस्तादांनी मोठ्या बाहुल्याकडे बोट दाखवले.

“हा गडी हाय.”

“गडी उताणा पडला की तुला काय दिसतं?”

रणधीरने विचार केला नाही. या प्रश्नाला विचार लागतच नव्हता.

“निकाल,” तो म्हणाला.

आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

कौलांवर एक पारवा घुमत होता. तो थांबला, पुन्हा घुमू लागला...

वयाच्या नवव्या वर्षापासून रणधीरच्या अंगात एकच गोष्ट मुरली होती. समोरच्याची पाठ मातीकडे झुकली की त्याच्या छातीवर आपले सारे वजन घालायचे, आणि घातलेले वजन काढायचे नाही. तिथे जो सैल पडला तो संपला. चौदा वर्षे तो हेच करीत आला होता, आणि त्याच्या छातीखाली आलेला माणूस पुन्हा उठून कधी लढला नव्हता.

“हे मला शिकवलं कुणी?” तो एकाएकी म्हणाला. आवाजात चीड होती, पण चिडीच्या बुडाशी दुसरेच काही होते. “धरलेलं सोडायचं न्हाई, हे तुम्हीच सांगितलंत, वस्ताद. या हौद्यात. रोज.”

“मीच सांगितलं.”

“मग चूक माझी कशी?”

“चूक तुझी हाय असं मी कवा म्हणालो?”

...

वस्ताद हौद्याच्या काठावर बसले. एक चिमूट माती उचलून ती बोटांत चुरीत राहिले.

“बसलिंगचं नाव ऐकलंयस?”

“न्हाई.”

“कुणीच ऐकलं न्हाई. चाळीस वर्षं झाली. सीमेपलीकडचा गडी. माझ्याच वजनाचा, पण माझ्यापरीस देखणा. कुस्तीच्या आधी मला म्हणाला, ‘आण्णा, तुझ्या मिशा फार वाढल्यात, नाकात जातील.’ मला हसू फुटलं. सलामी देताना पण मी हसतच होतो.”

वस्तादांना हसू फुटल्याचे रणधीरने कधी पाहिले नव्हते.

“तिसऱ्या मिनिटाला मी त्याला आस्मान दाखवलं. पंचानं शिट्टी दिली. कुस्ती संपली... तरी मी त्याच्या छातीवरनं उठलो न्हाई.”

“का?”

“शोभा.”

हा एक शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा भातात लागलेला खडा जिभेवरून काढून तळव्यावर ठेवावा.

“दोन श्वास जास्त धरला. लोकांनी नीट बघावं म्हणून. मग लोक आत शिरले. मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, हलगी कडाडली. वरनं मला सगळं मैदान दिसत होतं. तो पण दिसत होता. होता तिथंच पडलेला.”

“मग?”

“मला वाटलं, लाजलाय.”

पारवा पुन्हा थांबला.

“सगळ्यांना तेच वाटलं. आपल्यात रीत हाय न्हवं, हरलेला गडी माती झाडून उठेपर्यंत त्याच्याकडं बघायचं न्हाई. चांगली रीत हाय. त्याची अब्रू राखायची रीत हाय. म्हणून कुणी बघितलं न्हाई. माझी मिरवणूक मैदानाला एक फेरी मारून आली, तवा कुणीतरी त्याला हाक मारली.”

रणधीरने विचारले,

“काळीज... तुमच्या दाबानं थांबलं?”

“एक डॉक्टर म्हणाला, आधीपासनं दुखणं असणार. दुसरा म्हणाला, सांगता येत न्हाई. मला इचारशील तर मला ठाऊक न्हाई. मला एवढंच ठाऊक हाय की मी वर होतो, तो खाली होता. आन् मला सिस्टर भेटायला अजून चाळीस वर्षं होती.”

रणधीरची नजर वस्तादांच्या उघड्या डोक्याकडे गेली आणि तिथून खाली आली.

“त्याच्यानंतर पण तुम्ही लढलात. लोक सांगतात, एकदाही पाठ लागली न्हाई.”

“न्हाई लागली.”

जे वाक्य सारी तालीम छाती फुगवून म्हणत असे, ते त्यांच्या तोंडून असे निघाले, जशी कुणी आपल्या जुन्या आजाराची कबुली द्यावी.

मग वस्ताद उठले. त्यांनी सदरा काढला, घडी घालून काठावर ठेवला. हौद्यात पाऊल टाकण्याआधी मातीला हात लावून तो कपाळाला टेकवला. रबरी माणसाच्या शेजारी गुडघे टेकले. एक हात मागे टेकवून ते सावकाश, वयाने कुरकुरणारे एकेक हाड सांभाळत मागे झुकले, आणि पाठीवर उताणे झाले.

रणधीर दोन पावले मागे सरला.

“वस्ताद! हे काय करताय? उठा. कुणी आत आलं तर...”

“थांब जरा. छताला कोळिष्टकं किती लोंबताहेत, ते इथनंच कळतं. तुम्ही लोक झाडत न्हाई.”

“वस्ताद, पाया पडतो. उठा.”

“पाया नंतर पड. आधी हात ठेव.”

“कुठं?”

वस्तादांनी आपल्या छातीच्या मध्यावर बोट टेकवले.

“न्हाई,” रणधीर म्हणाला. “ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

“दाबायचा न्हाई, मर्दा. जित्या माणसाची छाती दाबायची न्हाई, सिस्टरनं शंभरदा बजावलंय. नुसता ठेव.”

“तुमच्या छातीवर? मी? या हौद्यात?”

“मग कुठं? देवळात?”

रणधीर गुडघ्यांवर आला. त्याने तळवा वस्तादांच्या छातीवर ठेवला. पांढरे केस, खाली फासळ्या, आणि फासळ्यांखाली काहीतरी चालू असलेले. शांत, न थांबणारे. त्याने अनेकांच्या छातीवर वजन घातले होते. त्यांच्या आत काही चालू असते, याकडे त्याचे लक्ष कधी गेले नव्हते.

वस्तादांनी श्वास आत घेतला. छाती थोडी उचलली, आणि अडली.

पुन्हा घेतला. पुन्हा अडली.

“जड हाय,” ते म्हणाले.

“मी दाबत न्हाई, वस्ताद. आईशपथ.”

“मला ठाऊक हाय. तुझ्या हाताला सांग.”

रणधीरने आपल्या हाताकडे पाहिले. खरेच, त्याने दाबले नव्हते. पण चौदा वर्षांची सवय त्याला न विचारताच खांद्यातून उतरून कोपरात, कोपरातून तळव्यात येऊन बसली होती. उताणी छाती दिसली की हाताने आपले काम सुरू केले होते. त्याने खांदा सैल सोडला. हात तसाच राहिला. त्याने मनगट सैल सोडले. हात तसाच... एखादा हट्टी पाहुणा उठतो उठतो म्हणत बसून राहावा तसा भार रेंगाळत होता.

वस्ताद घाई करीत नव्हते. जेवढी वाट मिळे तेवढाच श्वास ते घेत होते. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. डोळे छताकडे होते.

बाहेर जत्रेसाठी मंडपाचे खांब पुरले जात होते. त्यांचे ठोके एकामागून एक येत राहिले.

किती वेळ गेला, रणधीरला सांगता आले नसते. पण एका श्वासाला काहीतरी बदलले. वस्तादांची छाती वर आली, आणि तिच्याबरोबर त्याचा हातही वर आला. त्याने उचलला नव्हता. तो उचलला गेला होता.

छाती खाली गेली. हात खाली गेला.

पुन्हा वर.

“आता कोण कुणाला उचलतंय?” वस्तादांनी विचारले.

“तुम्ही मला.”

“किती बळ लागलं मला?”

रणधीरच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याचे त्यालाच नवल वाटले, कारण कुठे दुखत नव्हते.

सिस्टरांनी तालमीत येऊन मल्लांना शिकवलेले त्याला तोंडपाठ होते. दाबले की काळजातले रक्त बाहेर ढकलले जाते. सोडले की काळीज पुन्हा भरते. पुरते सोडले नाही तर भरणार कसे, आणि पुढच्या दाबाला ढकलणार काय? त्यांच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी हे त्याने एका दमात म्हणून दाखवले होते. सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या, “वाक्य छान आलं. आता हाताला येऊ दे.” तो त्यावर हसला होता.

“घे तिकडं,” वस्ताद पडल्या पडल्या म्हणाले आणि रबरी माणसाकडे हात केला. “पट्टी कोनाड्यात हाय.”

“तुम्ही उठा ना आधी.”

“मी इथं बरा हाय. तू घे.”

रणधीरने नवी पट्टी आणली. एक टोक बाहुल्याच्या छातीवर ठेवले, दुसरे वस्तादांच्या हातात दिले. बाहुल्याच्या बाजूला गुडघे रोवले. एका तळव्याचा मनगटाकडचा भाग छातीच्या मध्यावर, त्यावर दुसरा हात, बोटे गुंफलेली, कोपरे ताठ, खांदे सरळ वर.

एक. आतून टक् झाले. त्याने सोडले. पट्टी बोटभर सरकली.

दोन. टक्. सरकली.

तीन...

समोर मातीवर दोन पाठी शेजारी शेजारी टेकलेल्या होत्या, एक रबराची आणि एक वस्तादांची. दाबताना त्याची नजर एकीवर असे, सोडताना दुसरीकडे जाई. वस्तादांची छाती आपल्या गतीने वर येत होती, खाली जात होती. त्याच्या हातांची गती निराळी होती, पुष्कळ भराभर. तरीही सोडण्याचा तो अर्धा क्षण दरवेळी एखाद्या अंगणासारखा मोकळा होता, आणि त्या अंगणात त्याला घाई वाटत नव्हती.

अकरा. बारा. मंडपाचे ठोके थांबले होते. एकवीस. बावीस. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून बाहुल्याच्या गळ्यावर पडला. एकोणतीस.

तीस.

पट्टी अखंड बाहेर आली. वस्तादांनी ती डोळ्यांसमोर धरली.

“बघ की,” ते म्हणाले. “परवाचाच पेपर निघाला. तुझा एक कान आलाय यात.”

“श्वास द्यायचेत, वस्ताद. मधे बोलू नका.”

वस्ताद चूप झाले. अशा तऱ्हेने गप्प बसवले गेल्याचे त्यांना वाईट वाटलेले दिसले नाही.

त्याने दोन श्वास दिले. वस्तादांनी पट्टी पुन्हा सरकवली. पुन्हा तीस. पुन्हा दोन. दोन मिनिटे भरेपर्यंत तो थांबला नाही, आणि दरवेळी पट्टी त्याच्या हाताखालून अशी निघत गेली, जशी पाण्यातून काडी निघावी.

शेवटी त्याने हात मांडीवर घेतले. ते रिकामे होते आणि रिकामे असल्याचे त्याला जाणवत होते.

वस्तादांनी हात पुढे केला. रणधीरने तो धरून त्यांना उठवून बसवले, मग उभे केले.

“उद्या निकाल लागला,” वस्ताद म्हणाले, “तर पहिल्यांदा काय करशील?”

“सोडीन.”

“आन् मग?”

“उठतोय का बघीन.”

“रीत मोडशील?”

“मोडीन, वस्ताद.”

“लोक खांद्यावर घ्यायला येतील. ढकलाढकली होते. हलगीत काही ऐकू येत न्हाई.”

“थांबतील लोक. न्हाई थांबले तर ढकलायला मला येतं.”

वस्ताद त्याच्याकडे पाहत राहिले. मग खाली वाकले, हौद्यातली मूठभर माती उचलली आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर टाकली. या तालमीत मैदानाची परवानगी अशीच मिळते. तिला दुसरे शब्द नाहीत. ज्या मातीसाठी रणधीर सकाळपासून तडफडत होता ती त्याच्या खांद्यांवरून ओघळून छातीवर आली, आणि ती आली तेव्हा तो भलतीकडेच बघत होता.

वस्ताद सदरा घ्यायला वळले होते. मानेपासून कमरेपर्यंत त्यांची सारी पाठ तांबडी झाली होती. घामाने भिजलेली माती मणक्याच्या दोन्ही अंगांना दाट चिकटली होती. म्हणीतली ती पाठ. पाच तालुक्यांतली ती पाठ.

दाराबाहेर जेवून परतणाऱ्यांचे आवाज येऊ लागले. बाजीबाचे हसणे ओळखू आले. आता ते आत येतील. आता ते बघतील.

“वस्ताद, थांबा!” रणधीर लगबगीने पुढे झाला. काठावरचा पंचा ओढून त्याने त्यांच्या पाठीशी नेला. “माती लागलीय. झाडून देतो.”

वस्तादांनी मागे न बघता त्याचा हात धरला.

“राहू दे, मर्दा. तिला यायला चाळीस वर्षं लागली.”